वाळवंटातले विवर आणि हरवलेले लोखंड

विहीर खणताना पाहिली नाही असा माणूस आपल्या खेड्यांत मिळणे कठीण. पहिल्या दिवशी काळी माती निघते, ती काठावर पडते. पुढे मुरूम लागतो, आणि शेवटी पहार चालत नाही असा खडक. तो सुरुंग लावून फोडावा लागतो. आता काठावरच्या ढिगाकडे जरा नीट पाहा. जमिनीत जे सगळ्यात वर होते, ते ढिगात सगळ्यात खाली गेलेले असते. आणि जे सगळ्यात खोल होते, ते ढिगाच्या माथ्यावर येऊन बसलेले असते. दुसरी गोष्ट अशी की, विहिरीतून जेवढा माल निघाला तेवढाच काठावर असणार. माती मोकळी होऊन थोडी फुगते, तेवढे सोडून द्या.

या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या पोरासोरांनाही ठाऊक आहेत. पण आज मी ज्या खड्ड्याची हकीगत सांगणार आहे, त्याच्या चौकशीत मोठमोठ्या विद्वानांना याच दोन गोष्टी उपयोगी पडल्या. गंमत अशी की, एक गोष्ट धरून चालणारा चुकला, आणि दुसरी धरून चालणारा बरोबर ठरला. पण बरोबर ठरूनही त्याच्या पदरी काय पडले, ते पुढे सांगतो.

हा खड्डा अमेरिकेच्या पश्चिमेकडील ॲरिझोना राज्यात आहे. फ्लॅगस्टाफ आणि विन्स्लो या दोन गावांच्या मधल्या प्रदेशात उघडे, रखरखीत पठार पसरले आहे. पाऊस फार थोडा, झाड औषधालाही नाही. या सपाटीवर दुरून एक बुटकी टेकडी दिसते. माणूस चढून वर जातो, आणि एकदम थबकतो. टेकडी कसली! तो एका प्रचंड खळग्याचा काठ असतो. या कडेपासून त्या कडेपर्यंत अंतर सुमारे १,२०० मीटर, आणि खोली सुमारे १७० मीटर. दिल्लीचे दोन कुतुबमिनार एकावर एक उभे केले, तरी वरच्या मिनाराचे टोक काठाच्या खालीच राहील. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे ४५ मीटर उंच उचललेला आहे. काठावरून एक फेरा घालायचा तर जवळजवळ ४ किलोमीटर चालावे लागते. आज याला मीटिऑर क्रेटर म्हणतात, म्हणजे अशनीचे विवर. आकाशातून पृथ्वीवर येऊन पडणारा जो दगड किंवा लोखंडाचा गोळा, त्याला आपल्या शास्त्रीय भाषेत अशनी असा शब्द आहे.

पण हे नाव सुखासुखी मिळालेले नाही. त्यामागे सत्तर वर्षांचे भांडण आहे.

या खळग्याच्या आसपास मेंढपाळांना जड, काळपट लोखंडाचे तुकडे सापडत असत. जवळून जाणाऱ्या ओढ्याच्या घळीला कॅन्यन डायब्लो, म्हणजे सैतानाची घळ, असे नाव होते. त्याच नावाने ते तुकडे ओळखले जाऊ लागले. १८९१ साली फिलाडेल्फिया शहरातील खनिजांचे व्यापारी अल्बर्ट फूट यांनी ते तुकडे पाहिले आणि विद्वानांच्या सभेत जाहीर केले की, हे लोखंड पृथ्वीवरचे नव्हे, हे अशनीचे लोखंड आहे. त्यात निकेल धातू मिसळलेला होता आणि हिऱ्याचे बारीक कणही होते.

सभेचा हा वृत्तांत ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांच्या कानी गेला. गिल्बर्टसाहेब म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूगर्भ खात्याचे मुख्य शास्त्रज्ञ. अत्यंत विचारी, तोलून मापून बोलणारा माणूस. त्यांनी मनाशी म्हटले, खड्ड्याभोवती आकाशातले लोखंड पडले आहे, तर कदाचित मोठा गोळा खड्ड्याच्या तळाशी पुरलेला असेल. ते स्वतः तेथे गेले. आणि त्यांनी दोन कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी आपल्या विहिरीची. समजा, तुम्ही एक खड्डा खणला, त्यात एक मोठा पाटा ठेवला आणि सगळी माती परत लोटली. तर काय होईल? पाट्याएवढी माती शिल्लक उरेल. तसेच येथे. खड्ड्यात जर मोठा गोळा पुरलेला असेल, तर काठावरचा माल खड्ड्याच्या पोकळीपेक्षा जास्त भरला पाहिजे. गिल्बर्ट यांनी काळजीपूर्वक मोजमाप केले. खड्डा निघाला सुमारे ८ कोटी २० लाख घनयार्ड, आणि काठावरचा माल निघाला तोही तेवढाच! दुसरी कसोटी होकायंत्राची. एवढे मोठे लोखंड खाली असेल तर चुंबकाची सुई हलली पाहिजे, विचलित झाली पाहिजे. सुई ढिम्म हलली नाही.

दोन्ही कसोट्यांनी एकच उत्तर दिले: खाली काही नाही. मग गिल्बर्ट यांनी, नाइलाजाने म्हणा, दुसरा निर्णय दिला. जवळच पश्चिमेला जुन्या ज्वालामुखींचा मोठा प्रदेश आहे. तेव्हा जमिनीखालच्या पाण्याला त्या उष्णतेचा चटका बसून वाफ कोंडली असावी आणि तिचा स्फोट होऊन हा खड्डा पडला असावा, असे त्यांनी म्हटले. भोवतीचे लोखंड? तो योगायोग. १८९६ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. शास्त्रीय कल्पना कशी सुचते आणि तिची परीक्षा कशी करावी, हाच त्या निबंधाचा विषय होता. पद्धत नमुनेदार होती; निर्णय मात्र चुकला.

एवढ्या मोठ्या माणसाने निकाल दिला म्हटल्यावर पुढे कोण बोलणार? सरकारी खात्यात पुढची कित्येक वर्षे हाच निकाल प्रमाण मानला गेला.

यानंतर या कथेत दुसरा माणूस येतो. डॅनियल मोरो बॅरिंजर. जन्म १८६० चा. शिक्षण वकिलीचे, पण धंदा खाणीचा. ॲरिझोनातल्याच चांदीच्या खाणीत त्यांनी चांगला पैसा मिळवला होता. १९०२ साली बोलता बोलता त्यांना या खड्ड्याची बातमी लागली. खड्डा स्वतः पाहण्यापूर्वीच त्यांची खात्री पटली की, येथे आकाशातला लोखंडाचा डोंगर पुरलेला आहे. कोट्यवधी टन लोखंड आणि निकेल! १९०३ साली बेंजामिन टिल्घमन या शास्त्रज्ञ मित्राबरोबर त्यांनी कंपनी काढली आणि सरकारकडून जमिनीचा हक्क मिळवला. त्या सनदेवर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची सही होती.

आता, बॅरिंजर यांना पैशाची आशा होती हे खरे. पण डोळे उघडे ठेवून पाहणारा खाणवाला तो! गिल्बर्ट यांनी जे पाहिले नव्हते किंवा पाहून सोडून दिले होते, ते त्यांनी पाहिले.

पहिली गोष्ट, काठावरचे थर. तेथल्या जमिनीत वर तांबडा खडक आहे, त्याखाली पिवळट चुनखडक आणि त्याच्याही खाली पांढरा वालुकाश्म, म्हणजे वाळूचा दगड. काठावर हाच क्रम उलटा होता. तांबडा खाली, पांढरा वर. आपल्या विहिरीचा ढीगच! म्हणजे हे सगळे एका दमात उलटून बाहेर पडले होते.

दुसरी गोष्ट, लोखंडाचे तुकडे त्या उलट्या थरांत मिसळलेले सापडत होते. खड्डा आधी पडला असता आणि लोखंड शेकडो वर्षांनी योगायोगाने पडले असते, तर ते ढिगाच्या वर पसरले असते, पोटात शिरले नसते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या, याचा हा पुरावा होता.

तिसरी गोष्ट, वाळूच्या दगडाचे पीठ झाले होते. बोटांत धरले तर जात्यावरच्या मैद्यासारखे लागावे इतके बारीक. वाफेच्या स्फोटाने दगड फुटेल, पण त्याचे असे पीठ होईल का? आणि चौथी गोष्ट, ज्वालामुखीचा म्हणून एक दगड खड्ड्यात नव्हता. पुढे भोके पाडल्यावर असेही दिसले की, ठरावीक खोलीखालचे थर जागच्या जागी शाबूत आहेत. खालून स्फोट झाला असता तर ते आधी फुटले असते. जोर आला होता तो वरून.

बॅरिंजर आणि टिल्घमन यांनी १९०५ आणि १९०६ च्या सुमारास हे सगळे लिहून प्रसिद्ध केले, आणि लिहिताना सरकारी खात्याची चांगली खरडपट्टीही काढली. गिल्बर्ट यांनी जाहीरपणे उत्तर दिले नाही. १९१८ साली ते वारले, तोवर या विषयावर त्यांनी मौनच पाळले.

श्रोतेहो, येथे गोष्ट संपली असती तर बॅरिंजर यांचा विजय झाला म्हणून आपण टाळ्या वाजवल्या असत्या. पण त्यांना केवळ वादात जिंकायचे नव्हते. त्यांना लोखंड हवे होते.

खड्ड्याच्या मध्यभागी त्यांनी विंधणी सुरू केली. १९०८ पर्यंत २८ भोके पाडून झाली. पीठ निघाले, फुटका दगड निघाला, लोखंडाचा गोळा काही लागला नाही. मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. चिखलावर बंदूक झाडून पाहिली. तेव्हा दिसले की, गोळी तिरपी मारली तरी चिखलातला खड्डा गोलच पडतो. आपल्याकडे गोफणीचा दगड ओल्या चिखलात मारून कोणालाही हे पडताळून पाहता येईल. झाले! बॅरिंजर म्हणाले, आपला गोळा मध्यभागी नाहीच. तो तिरपा शिरून दक्षिणेकडच्या काठाखाली गेला असला पाहिजे.

मग दक्षिण काठावर नवे भोक सुरू झाले. एका मोठ्या खाण कंपनीने ते काम अंगावर घेतले. १९२२ साली सुमारे १,३७६ फूट खोलीवर गिरमिट अडकले, ते काही केल्या सुटेना. बॅरिंजर म्हणाले, लोखंडाला लागले. कंपनी म्हणाली, पैसे संपले. तरीही त्यांनी धीर सोडला नाही. नवी कंपनी, नवे भागधारक, नवी विहीर. त्या विहिरीला पाणी लागले, ते उपसता उपसेना. लाखो डॉलर त्या वाळवंटात जिरले. त्यांत इतरांचे होते, तसे त्यांचे स्वतःचेही होते.

अखेर भागधारकांनी विचारले, अहो, खाली लोखंड आहे तरी किती? हा हिशेब १९२९ साली फॉरेस्ट रे मोल्टन या नामांकित ज्योतिर्विदाकडे सोपवला. मोल्टन यांनी गणित मांडले आणि उत्तर आले, जास्तीत जास्त ३ लाख टन. कोट्यवधी टनांच्या जागी ३ लाख! आणि तेही बहुतेक खाली उरलेले नसणार. बॅरिंजर संतापले. वाद झाला. मोल्टन यांनी नोव्हेंबरच्या २४ तारखेला १२७ पानांचा दुसरा अहवाल दिला. त्यात तेच उत्तर होते, फक्त अधिक बारकाईने सिद्ध केलेले. पुढच्या सहा दिवसांत, ३० नोव्हेंबर १९२९ रोजी, बॅरिंजर हृदयविकाराने वारले. त्यांच्या आयुष्याची सत्तावीस वर्षे त्या एका खड्ड्यात गेली होती.

मग ते लोखंड गेले कुठे?

त्याचे उत्तर समजायला पुन्हा विहिरीवर जाऊ. सुरुंग उडाल्यावर, आत भरलेली दारू कुठे आहे म्हणून शोधायला कोणी विहिरीत उतरतो का? ती दारूच तर जळून वायू झाली आणि त्या वायूने खडक फोडला. तसेच येथे घडले. सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी साधारण ५० मीटर जाडीचा लोखंड-निकेलचा गोळा येथे येऊन आदळला. त्याचा वेग सेकंदाला १२ किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक होता. या वेगाने मुंबईहून पुण्याला दहा सेकंदांत पोहोचता येईल. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला एक किलोमीटरच्या आत असतो. आणि एक ध्यानात ठेवा: वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. एवढा जोर एका क्षणात थांबला, तेव्हा त्याची उष्णता झाली. गोळ्याचा बराच भाग वितळला, बराच वाफ होऊन उडून गेला. उरले ते इतस्ततः फेकलेले तुकडे आणि थेंब. जो सगळ्यात मोठा तुकडा सापडला, त्याचे वजन ६३९ किलो आहे.

आता गिल्बर्ट यांच्या दोन्ही कसोट्यांचे कोडे उलगडते. खड्डा आणि ढीग सारखे भरले, कारण आत काही उरलेच नव्हते. सुई हलली नाही, कारण खाली गोळा नव्हताच. त्यांचे मोजमाप अगदी बरोबर होते. चूक होती ती प्रश्नातच: गोळा पडला असेल तर तो आत राहिलाच पाहिजे, असे त्यांनी धरून चालले होते. आणि श्रोतेहो, लक्षात घ्या, नेमके हेच बॅरिंजर यांनीही धरून चालले होते! एकमेकांचे पक्के विरोधक, पण चूक दोघांची एकच. एकाला गोळा नाही म्हणून आघात नाही असे वाटले. दुसऱ्याला आघात आहे म्हणून गोळा आहेच असे वाटले.

शेवटचा निकाल लागला तो १९६० साली. १९५३ मध्ये लोरिंग कोस या रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत प्रचंड दाब देऊन गारगोटीच्याच द्रव्याचे एक नवे, जास्त घट्ट खनिज तयार केले होते. त्याला कोसाइट असे नाव पडले. निसर्गात ते तोवर कोणी पाहिले नव्हते. १९६० साली एडवर्ड चाओ, यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्याला तेच खनिज या विवराच्या वाळूच्या दगडात सापडले. वाफेच्या स्फोटाने इतका दाब पडूच शकत नाही. शूमेकर यांनी नेवाडातील अणुस्फोटांनी पडलेले खड्डेही अभ्यासले होते. त्यांच्या काठावरही थर तसेच उलटलेले होते. विशेष असे की, चाओ आणि शूमेकर हे दोघेही त्याच सरकारी भूगर्भ खात्यातले होते. गिल्बर्ट यांच्या खात्याने गिल्बर्ट यांचा निकाल स्वतःच्या हाताने फिरवला.

लोखंडाने बॅरिंजर यांना श्रीमंत केले नाही. पण त्याच कॅन्यन डायब्लोच्या तुकड्यातील शिसे तपासून क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे ठरवले. चंद्रावर जाणाऱ्या अमेरिकी अंतराळवीरांनी चंद्राची जमीन कशी असेल याचे धडे याच काठावर घेतले. विवर आजही बॅरिंजर यांच्या कुटुंबाच्याच मालकीचे आहे, आणि शास्त्रज्ञ त्याला बॅरिंजर विवर असेही म्हणतात.

आता आपल्या घराकडे येऊ. कारण या कथेचा एक धागा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पोहोचतो. लोणारचे सरोवर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल द्रोण आणि तळाशी खारट पाणी. लवणासुराचा वध विष्णूने केला, ती जागा हीच, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गावात दैत्यसूदनाचे देऊळही उभे आहे. गिल्बर्ट यांनी १८९६ च्या निबंधात ॲरिझोनाशी तुलना करताना या लोणारचाही उल्लेख केला होता. लोणारलाही बराच काळ ज्वालामुखीच मानत असत. पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेतील शास्त्रज्ञ यांनी मिळून तळाशी भोके घेतली आणि १९७३ साली जाहीर केले की, हेही आघाताचेच विवर आहे. पुरावा कोणता? लोखंडाचा गोळा मुळीच नाही. आघाताच्या दाबाने खडकातल्या खनिजाची काच झालेली सापडली, तो पुरावा. ॲरिझोनात एक माणूस ज्याच्यासाठी झिजून गेला, त्या गोळ्याचा शोध लोणारला कोणाला घ्यावा लागला नाही. शहाणपण तिकडून मिळाले होते.

जाता जाता शिक्षक बंधुभगिनींसाठी एक सूचना. एका परातीत मातीचे तीन रंगांचे थर पसरा, म्हणजे खाली राख, मध्ये विटेची भुकटी, वर काळी माती. मुलांना उंचावरून त्यात खडा टाकू द्या. खड्डा कसा पडतो, भोवती माती कशी उडते, कोणता रंग कुठे येतो, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. शेवटी कोणी ना कोणी मूल म्हणेलच, गुरुजी, आपला खडा तर आतच राहिला, मग ॲरिझोनाचा का नाही राहिला? हा प्रश्न आला की घाईने उत्तर देऊ नका. त्यांना सांगा की, हाच प्रश्न विचारायचा राहून गेला म्हणून दोन मोठी माणसे चुकली होती. आणि मग फळ्यावर वेगाचा हिशेब मांडायला घ्या.